दिवाळीची आठवण : चिमुकल्या हाताचा ठसा

प्रश्न : गेल्या दिवाळीत नातवाच्या हाताचा ठसा मीठ घातलेल्या पिठात घेतला होता. ओव्हनमध्ये तो मधोमध फुगून तडकला आणि आषाढात ओल धरून त्याची करंगळीच निखळली. यंदा नातू चार वर्षांचा आहे, नात पाच महिन्यांची. प्लास्टर ऑफ पॅरिस वापरावे का?
– एक आजी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : प्लास्टरमध्ये मुलांचा हात मुळीच रोवू नये. ते घट्ट होताना तापते, जाड थरात 60 अंश सेल्सिअसपर्यंतही पोहोचते आणि आत अडकलेला हात गंभीर भाजू शकतो. पीठच बरे.

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि बेताबेताने घातलेले साधारण वाटीभर पाणी घेऊन पुरीच्या कणकेसारखे घट्ट मळावे आणि सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे लाटावे. ठसा फुगला तो बहुधा आच जास्त झाल्यामुळे, कारण वरचा थर आधी कडक होतो आणि आतल्या पाण्याची वाफ कोंडते. म्हणून ओव्हन 100 अंशांवर ठेवून, ठसा मधूनमधून उलटत, दोन-तीन तास सावकाश वाळवावा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याला ओलाव्याची कमतरता नसते. तेव्हा ठसा पूर्ण सुकल्यावर पुढून, मागून आणि दोरीच्या भोकातूनसुद्धा व्हार्निशचे दोन हात द्यावेत. रंग हवा असल्यास त्याआधी गेरू लावावा. मला तोच सर्वांत शोभिवंत वाटतो.

नातीची मूठ ओढून उघडू नका. पोट भरलेले असताना, मांडीवर घेऊन, हाताच्या पाठीवरून करंगळीच्या बाजूने मनगटाकडे हळूच बोट फिरवले की मूठ बहुधा आपोआप सैलावते; तेवढ्यात तळहात पिठावर टेकवून एकेक बोट हलकेच दाबावे. नाहीच जमले, तर पाऊल घ्यावे, ते सोपे जाते. हाताला ओरखडा असेल तर मीठ झोंबते, म्हणून आधी नीट पाहावे आणि नंतर हात लगेच धुवावेत. इतके मीठ बाळाच्या पोटात जाणे घातक असल्यामुळे पीठ आणि ठसा दोन्ही तिच्या तोंडापासून दूर असावेत. नातवाला मात्र पीठ मळण्यापासून सोबत घ्या आणि ओल्या पिठाच्या कडेला वर्ष त्यालाच काडीने कोरू द्या.

जुनी करंगळी जपून ठेवली असेल, तर दोन्ही तुकडे मंद आचेवर पुन्हा कोरडे करून फेव्हिकॉलने जोडावेत आणि जोड वाळल्यावर त्यावरही व्हार्निश द्यावे.