दोनशे कोंबड्यांसाठी एफडी मोडू नका, ताई

संगमेश्वर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे: "घरी सात गावठी कोंबड्या आहेत, अंडी हातोहात जातात. चार लाखांच्या एफडीतले अडीच लाख काढून परसात दोनशे कोंबड्यांची शेड घालावी म्हणते. चिऱ्याच्या बांधकामाला १,९०,००० लागतील, उरलेल्या ६०,००० मध्ये पिल्लं, भांडी आणि खाद्य. एक एजंट अंडी उचलायची हमी देतोय, शिवाय हे उत्पन्न करमुक्त असतं म्हणतो. यजमानांचा पगार २८,००० आहे, मुलगी दोन वर्षांनी बारावी होईल. महिन्याला पंधरा हजार सुटतील का?"

ताई, पंधरा हजार सुटणार नाहीत. एफडीला हात लावू नका. पण कोंबड्या जरूर वाढवा, फक्त दोनशे नकोत.

तुमच्या सात कोंबड्या परवडतात, कारण त्या अर्धं पोट बाहेर भरतात. किडे, वाळवी, गवत, सांडलेले दाणे, घरातलं खरकटं आणि वर तुमची मूठभर कणी. दोनशे कोंबड्या पाच-सात गुंठ्यांत सोडल्या तर आठवडाभरात जमीन उघडी पडेल. मग शंभर टक्के खाद्य विकतचं. मोठी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. खाद्य ३६ रुपये किलो धरलं तरी एका कोंबडीचे रोजचे चार रुपये, दोनशेंचे महिन्याला जवळपास २४,०००.

आता अंडी. वनराज, गिरिराजसारख्या सुधारित जाती परसात वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देतात. बंदिस्त शेडमध्ये पोटभर खाद्यावर आपण १५० धरू. म्हणजे महिन्याला २,५०० अंडी, बारा रुपयांनी ३०,०००. खाद्य वजा जाता ६,००० उरले. त्यातून अडीच लाखांवरचं बुडालेलं व्याज सात टक्क्यांनी महिन्याला साडेचौदाशे, आणि शेडची झीज पंधरा वर्षांत वाटली तर हजारभर. राहिले साडेतीन हजार. लस, वीज, मर, फुटलेली अंडी अजून धरलेलीच नाहीत. तुमचे रोजचे चार-पाच तासही नाहीत.

हा हिशोब दोनशेही तलंगा, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या तरुण माद्या आहेत असं धरून केला. एक दिवसाची पिल्लं सहसा मिश्र येतात, त्यांत निम्मे नर निघतात. शिवाय पहिलं अंडं दिसायला पाच-सहा महिने जातात. तोवर एक पिल्लू सुमारे आठ किलो खाद्य खातं, म्हणजे दोनशेंचे ५८,००० फक्त खाद्यावर. तुमचे साठ हजार तिथेच संपले, पिल्लांचे आणि भांड्यांचे पैसे कुठून आणणार?

रोज ऐंशीच्या वर अंडी कोण घेणार, हाही प्रश्न आहे. बारा रुपये गिऱ्हाईक देतं ते बाहेर चरणाऱ्या कोंबडीच्या अंड्याला. वाडीत घरोघरी कोंबड्या आहेत आणि श्रावणात मागणी पडते. एजंटच्या हमीवर विसंबू नका. २०१९ साली सांगली, कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावाने अशाच "आम्ही परत विकत घेऊ" योजनेत शेतकऱ्यांचे कोट्यवधी अडकले. आणि करमुक्त म्हणाल तर कुक्कुटपालनाचं उत्पन्न आयकर कायद्यात शेतीचं धरत नाहीत, ते धंद्याचं उत्पन्न. तुमच्या आकड्यावर कदाचित कर बसणार नाही, पण जो माणूस हे चुकीचं सांगतो त्याच्या बाकीच्या आश्वासनांवर अडीच लाख लावायचे नाहीत.

चिऱ्याची शेड म्हणजे परत न येणारा पैसा. एफडी गरजेला मोडता येते, थोडं व्याज कापून का होईना. शेड विकायला गेलात तर पत्र्याचे तेवढे पैसे येतील. बर्ड फ्लू आला, २००६ मध्ये देशात पहिल्यांदा नवापूरला आला होता तसा, तर सरकारी भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी असं काही झालं तर हातात काय राहील?

म्हणून पंचवीस तलंगा. रिकामा गोठा, पडवी, जी जागा असेल ती वापरा. १८,००० पुरे होतील आणि ते एफडीतून नको, चार-सहा महिन्यांच्या बचतीतून काढा. खर्च जाळीवर करा, भिंतीवर नाही. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या आणि खाली फूटभर बांधकाम करा, नाहीतर मुंगूस एका रात्रीत सगळा हिशोब संपवतं. छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि पागोळ्या लांब सोडा, आपल्याकडचा पाऊस तिरका येतो. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच. सकाळी वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर तूस ओलं झालंय, लगेच बदला. रक्ती हगवण तिथूनच सुरू होते.

मानमोडीवरची लासोटा लस पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो या पिल्लांच्या रोगावरची चौदाव्या दिवसाच्या आसपास. कुपी शंभर पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा वाडीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी लस घ्या. मानमोडी एकाकडे आली की सगळ्यांकडे येतेच.

पंचवीस कोंबड्यांचा वरखर्च महिन्याला पंधराशे, अंडी सव्वादोनशेच्या पुढे, म्हणजे सुमारे २,७५० रुपये. साडेबाराशे सुटतील. व्याज आणि झीज दोन्हीकडे धरली तर एका कोंबडीमागे हे दोनशेंच्या शेडपेक्षा दुप्पट पडतं. वर्षभर वहीत खाद्य, अंडी, मर लिहा. पुढच्या वर्षी साठ करायच्या ठरल्या तर त्यासाठी वही घेऊन बँकेत जा. किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालनालाही मिळतं.

पिल्लं पावसात आणू नका, दमटपणात ऊब टिकत नाही. दसऱ्यानंतर कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा, पंचायत समितीतले पशुधन विकास अधिकारी सांगतील. मिश्रच मिळतात, तेव्हा पन्नास आणा. ऑक्टोबरची पिल्लं शिमग्याला पाच महिन्यांची होतात, आणि गावठी चवीच्या कोंबड्याला भाव मागायचा तो तेव्हाच.