चेअरजवळच्या दुसऱ्या दोन हातांविषयी

प्रिय मुली,

आता डेंटल कॉलेजातली तुझी क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे खऱ्या पेशंटवरचं काम, सुरू होईल. सरावाच्या कृत्रिम डोक्याला, फँटम हेडला, जीभ नव्हती, लाळ नव्हती, म्हणून एकटीनं भागत होतं. खऱ्या पेशंटच्या तोंडात ते भागणार नाही. आपल्याकडे एकाच मावशींना किंवा सिस्टरना बऱ्याच चेअर सांभाळाव्या लागतात, त्यामुळे बहुतेक वेळा असिस्ट करायला तुझ्याच बॅचमधलं कुणीतरी असेल. कुणीही असो, तुझ्या मनातलं त्यांना आपोआप कळणार नाही. पेशंट बसण्याआधी दोन मिनिटं काढ आणि सांग: दात कोणता, काम काय, कशानंतर काय लागेल. ट्रेही त्याच क्रमानं लावा.

बसण्याच्या जागा आधी ठरव. पेशंटचा चेहरा म्हणजे घड्याळ, डोक्यामागे बारा. तू उजव्या हातानं काम करतेस, म्हणजे तुझी जागा नऊ ते बारा आणि असिस्टंटची दोन ते चार. तिचे डोळे तुझ्या डोळ्यांपेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर वर हवेत. स्टूल खाली राहिलं की तिला दात दिसत नाही, ती वाकते आणि सक्शन, म्हणजे लाळ-पाणी ओढणारी नळी, भलतीकडेच धरलं जातं.

सक्शन तिच्या उजव्या हातात, कारण हत्यारं द्यायला डावा मोकळा लागतो. आधी सक्शनची टिप जागेवर, मग तुझा हँडपीस (दात कोरायचं यंत्र); उलटं केलंस तर तुझ्या बरच्या, म्हणजे हँडपीसमधल्या फिरत्या टोकाच्या, जागेत टिप घुसवावी लागते. मागच्या दातांसाठी टिप असिस्टंटच्या बाजूनं येते: पेशंटच्या डाव्या बाजूचा दात असेल तर गालाकडून, उजव्या बाजूचा असेल तर जिभेकडून. दातापासून साधारण एक सेंटिमीटर पुरे. मऊ टाळूला किंवा जिभेच्या मुळाला टिप लागली की ओकारीची उबळ येते, आणि एकदा उबळ आली की तो पेशंट पुढे सैल बसत नाही.

हत्यार हनुवटीच्या खाली, छातीच्या वर द्यायचं-घ्यायचं. डोळ्यांवरून कधीच नाही. खालच्या दातासाठी टोक खाली, वरच्यासाठी टोक वर करून दिलं की तुला हातात फिरवावं लागत नाही.

आता मटेरियल. इथं जास्त बिघडतं, आणि खान्देशातल्या उन्हाळ्यात तर फारच. ग्लास आयोनोमर (दात भरायचं, पावडर आणि लिक्विडचं सिमेंट) मिसळायला तू सांगेपर्यंत असिस्टंटनं लिक्विडचा थेंब पॅडवर टाकायचाच नाही, कारण त्यातलं पाणी उडतं आणि तो दाट होतो. दात लाळेपासून वेगळा राखला, कंडिशनर (सिमेंट नीट चिकटावं म्हणून लावायचं द्रावण) लावून धुतला, टिपून घेतला, की मग म्हण, "मिसळ." बाटली उभी धरून थेंब पाडायचा; पहिल्या थेंबात हवेचा बुडबुडा असेल तर तो टाकून द्यायचा. पावडरचे दोन भाग, प्लॅस्टिकचा स्पॅच्युला, आणि सगळं मिसळणं अर्ध्या-पाऊण मिनिटात. मिश्रणावर चकाकी आहे तोवरच भर. चकाकी गेली असेल तर ते दाताला धरणार नाही, लाज न बाळगता दुसरं मागून घे.

दातांचं इंप्रेशन, म्हणजे ठसा, घ्यायच्या अल्जिनेट पावडरचंही तसंच. पाणी 20 ते 23 अंशांचं हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, गच्चीवरच्या टाकीतून नळाला चटका देणारं पाणी येतं, आणि ट्रे तोंडात जाण्याआधीच अल्जिनेट घट्ट होतं. वेळ वाढावा म्हणून पाण्याचं माप वाढवू नका. मिश्रण कमजोर होऊन इंप्रेशन फाटतं. गार पाण्याची बाटली सकाळीच बाजूला काढून ठेवायला सांग आणि थर्मामीटरनं तपास. कोरड्या हवेत इंप्रेशनमधलं पाणीही झपाट्यानं उडतं, ते आकसतं. लॅबमध्ये नेणाऱ्या मामांना स्पष्ट सांग: ओल्या कापडात गुंडाळा, लगेच प्लास्टर ओतायचं आहे.

आता सगळ्यात कळकळीनं सांगते. लिग्नोकेन (भुलीचं औषध) आणि हायपोक्लोराइट (दाताच्या मुळाची नळी धुवायचं द्रावण) सारख्याच दिसणाऱ्या सिरिंजमध्ये भरून एका ट्रेवर कधी ठेवायचे नाहीत. दोन्ही बिनरंगी दिसतात. हायपोक्लोराइट हिरडीत टोचलं गेलं तर ऊती जळतात, चेहरा सुजतो. भरताक्षणी पट्टी चिकटवून नाव लिही, आणि देणारीनं नाव मोठ्यानं उच्चारूनच सिरिंज द्यायची.

सुई ज्यानं वापरली त्यानंच टाकायची. टोपण घालावंच लागलं तर ते ट्रेवर ठेवून एका हातानं, सुईनंच उचलायचं. टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवा, दाबून रक्त काढू नका, आणि ताबडतोब कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागलं तर ते 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं.

साक्री-पारोळ्याकडची आजी तुला "हो, हो" म्हणत राहील, पण मावशींनी अहिराणीत "दुखस का?" विचारलं की खरं सांगेल. म्हणून भूल लागली का, हे मावशींनाच विचारू दे. दुखलं तर डावा हात वर करा, असं पेशंटला आधीच सांगून ठेव. तो हात असिस्टंटच्या बाजूला असतो, तिला आधी दिसतो.

काम संपल्यावर सुया आणि ब्लेड तू स्वतः मोजून पांढऱ्या डब्यात टाक, बर हँडपीसमधून काढ, आणि मगच ट्रे मावशींकडे दे. "धारदार काही राहिलं नाही, मी पाहिलंय," हे त्यांना तोंडानं सांग. धुताना हात त्यांचा असतो.

तुझ्या,
मॅडम