नुसतं ‘दुखतं’ म्हणू नका

ताई, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, दंडाची आतली बाजू बधीर आहे आणि तरीही बाही घासली की आग होते, गोळ्यांनी फरक नाही, आणि घरचे म्हणतात ‘कॅन्सर गेला ना, मग आता काय?’ हे तुमचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. माझ्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, औषधं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. पण जी चूक मी चौदा महिने केली, ती तुम्ही करू नये असं मनापासून वाटतं.

दर तपासणीला मी ‘दुखतंय’ एवढंच सांगायचे. तिथले डॉक्टर टाके बघायचे, रिपोर्ट बघायचे, ‘सगळं नॉर्मल आहे, विचार कमी करा’ म्हणायचे आणि त्याच साध्या वेदनाशामक गोळ्या पुन्हा लिहून द्यायचे. यांनी जीव वाचवला, आता गाऱ्हाणं कसं घालायचं, म्हणून मी गप्प घरी यायचे. त्या विभागाचं नाव घेत नाही. पण चौदा महिन्यांत एकानेही ‘कसं दुखतं?’ असं विचारलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

विचारलं ते खांद्यासाठी गेले होते त्या फिजिओथेरपिस्टबाईंनी. ठणकतं, चमकतं, टोचतं, की आग होते? मी म्हटलं, करंट लागल्यासारखी चमक काखेतून दंडात उतरते, एरवी मुंग्या आणि जळजळ. त्या लगेच म्हणाल्या, हे नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं दुखणं आहे, पेन क्लिनिकला, म्हणजे खास दुखण्यावर उपचार करतात तिथे जा.

काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला इंटरकोस्टोब्रेकियल नावाची नस जाते. काखेतल्या गाठी काढताना ती ताणली किंवा कापली जाऊ शकते. अशा दुखण्यावर साध्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं द्यावी लागतात. तीन महिन्यांनंतरही दुखणं राहिलं तर त्याला पोस्ट मास्टेक्टॉमी पेन सिंड्रोम (स्तन काढल्यानंतरचं दुखणं) म्हणतात, स्तन पूर्ण काढलेला नसला तरीही. मला नाव कळलं त्या दिवशी मी रडले. हे माझ्या मनाचं नव्हतं.

तेव्हा आठवडाभर वहीत लिहा: कुठे, कसं, कशाने वाढतं, झोप किती मोडते. ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. ‘विचार कमी करा’ हे उत्तर मिळालं तर, माझं स्पष्ट मत, दुसरा डॉक्टर गाठा. यात कृतघ्नपणा नाही.

आणखी एक, फार महत्त्वाचं. टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हार्मोनविरोधी गोळी) चालू असेल तर नवीन डॉक्टरांना आधी ते सांगा. पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन आणि काही प्रमाणात ड्युलोक्सेटीन या नैराश्यावरच्या (ड्युलोक्सेटीन नसेच्या दुखण्यावरही देतात) औषधांमुळे टॅमॉक्सिफेनचं परिणामकारक रूप शरीरात कमी तयार होतं. लेट्रोझोलसारखी दुसरी हार्मोनविरोधी गोळी चालू असेल तर सांधे त्यानेही दुखू शकतात, ते वेगळं सांगा. आणि गॅबापेंटिन बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायचं नाही, डोस हळूहळू उतरवायचा. मला गुण यायला काही आठवडे लागले. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण रात्रभर झोप लागते.

बाकी, झोपताना हाताखाली छोटी उशी घ्या. आतले कपडे उलटे घाला, शिवण बाहेर राहते. गाडीत पट्ट्याखाली मऊ रुमाल ठेवा. आणि दुखतं म्हणून हात अंगाशी धरून ठेवू नका, माझा खांदा त्यानेच आखडला. मात्र पाठीत किंवा हाडात नवीन दुखणं, हाताला सूज, लाली, ताप असं काही असेल तर आठवडाभर वही लिहीत बसू नका, लगेच दाखवा.

एक विचारायचं राहिलं. हात वर केला की काखेत दोरीसारखं काही ताणलेलं दिसतं का, कोपरापर्यंत जाणारं? तसं असेल तर फिजिओथेरपीने ते बरंच सुटतं. आज आरशासमोर हात वर करून बघा आणि मला कळवा.