बेस वाजवणाऱ्यांचे प्रश्न: पावसाळ्यातला नेक, मंडपातली झिणझिणी आणि ‘काळी चार’

गणपती-नवरात्र जवळ आली की या सदराकडे बेस गिटारवाल्यांची पत्रं वाढतात. बहुतेक जण नोकरी सांभाळून ऑर्केस्ट्रात किंवा मित्रांच्या बँडमध्ये वाजवणारे. या वेळी त्यांच्याच प्रश्नांना पूर्ण जागा दिली आहे.

जूनपर्यंत बेस व्यवस्थित होता. आता पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खरखरतात. गणपतीत पाच कार्यक्रम आहेत. ट्रस रॉडला स्वतः हात लावावा का? सगळे घाबरवतात. (एक वाचक, चिपळूण)

लावा, पण आधी मोजा. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) आतली, त्याचा बाक सांभाळणारी सळई; फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. कोकणातल्या पावसात लाकूड ओल धरतं आणि नेकचा बाक बदलतो. कोणाचा पुढे वाकतो, कोणाचा मागे जातो, त्यामुळे दुसऱ्याच्या बेसवरून अंदाज बांधू नका. खरखर फक्त सुरुवातीच्या चार-पाच फ्रेटवर असेल तर बहुधा नेक जास्तच सरळ झालाय किंवा मागे गेलाय. बाराव्या फ्रेटच्या पुढेच असेल तर बाक जास्त आहे किंवा तारा फार खाली बसल्यात. सगळीकडे सारखी असेल तर आधी ब्रिजवरची सॅडल (तार जिच्यावर टेकते तो तुकडा) बघा.

मोजायचं असं. तारा नेहमीच्या सुरात लावा, कारण सैल तारांवर घेतलेलं माप खोटं असतं. बेस मांडीवर आडवा टाकू नका, वाजवताना धरता तसा धरा. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे अंगाला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबून धरा. आता आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तार आणि फ्रेट यांच्यात फट किती उरते ते बघा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) नसेल तर झेरॉक्सच्या साध्या कागदाची तीन पानं एकत्र धरून आत सरकवा. तीन पानं अलगद गेली, तार उचलली गेली नाही, की बाक ठीक. एकही पान जात नसेल तर रॉड सैल करायचा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने. पाच-सहा पानं जात असतील तर घड्याळाच्या दिशेने आवळायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावा आणि रात्रभर ठेवून सकाळी परत मोजा. लाकूड हळूहळू जागेवर येतं. कार्यक्रमाच्या दिवशी हे काम काढू नका.

रॉड खराब होण्याची दोन मुख्य कारणं म्हणजे घाई आणि चुकीची ॲलन की (षटकोनी चावी). काही बेसच्या रॉडचा नट इंची मापाचा असतो. त्यात मिलिमीटरची, जराशी लहान की घातली की ती आत फिरते आणि नटाचे सहा कोपरे गोल होतात. मग मात्र खरंच कारागिराकडे जावं लागतं. की पूर्ण आत, घट्ट बसली पाहिजे, हलता कामा नये. सैल करायच्या दिशेलाही नट हलत नसेल तर जोर लावू नका, तिथे थांबा.

बाक ठरल्यावरच तारांच्या उंचीकडे वळा. बाराव्या फ्रेटवर जाड तार २.५ मिलिमीटर आणि बारीक तार २ मिलिमीटर वर असेल तर जोरात वाजवणाऱ्यालाही पुरतं. इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं, शेवटी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मॉनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे घ्या, उतरला तर पुढे. मात्र जुन्या, गंजलेल्या तारांवर हे जुळत नाही. तारा उकळण्याचा उपाय अनेक जण विचारतात. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात टाकल्या की वेटोळ्यांतला मळ आणि तेल निघतं, दोन-चार कार्यक्रम आवाज उजळतो. गंज मात्र जात नाही. पावसाळ्यात बेस बंद बॅगेत महिनाभर ठेवणं हेच गंजाचं मूळ आहे. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा पुसा, खालच्या बाजूनेही, आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

मंडपात बेस लावला की गुंऽऽ असा आवाज येतो. गेल्या वर्षी माईकला ओठ लागले तेव्हा झिणझिण्याही आल्या. साउंडवाले म्हणतात प्लगची तिसरी पिन काढा, आवाज जाईल. (एक वाचक, सोलापूर)

पिन काढू नका. आवाज जातो हे खरं, पण दोष घडला तर वीज वाहून न्यायला जी वाट होती तीच तुम्ही बंद करता. त्यानंतर ती वाट तुमच्या हातांतून आणि ओठांतून जाते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या वेगळ्याच सोडवा.

आधी झिणझिणी, कारण ती जिवावरची. बेसच्या तारा ॲम्पमधून अर्थिंगला जोडलेल्या असतात, माईकची जाळी मिक्सरमधून. ॲम्प एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असला, त्यातल्या एकाचं अर्थिंग मंडपात नावालाच असलं, की या दोन ठिकाणांत व्होल्टेजचा फरक पडतो. तुमचा हात तारांवर आणि ओठ माईकवर, म्हणजे ती जोडणी तुम्ही. साउंडचेकच्या आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक माईकच्या जाळीला आणि दुसरं बेसच्या तारेला लावा. एक-दोन व्होल्टच्या वर आकडा गेला तर कोणी कितीही घाई केली तरी वाजवायला उभे राहू नका. वायरमनला बोलावून दोन गोष्टी करायला सांगा: ॲम्प आणि मिक्सरला वीज एकाच बोर्डावरून द्यायची, आणि जनरेटर असेल तर त्याच्या अर्थिंगची सळई जमिनीत खरोखर ठोकली आहे का ते दाखवायचं. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा, असा आग्रह मंडळाकडे आधीच धरा. माईकवरची स्पंजची टोपी थोडी आड येते, पण तिला उपाय समजू नका. बेसला वायरलेस लावल्याने तारा आणि ॲम्पचं अर्थिंग यांचा संबंध तुटतो, ती खरी मदत आहे. तरीही बोर्ड तपासायचाच.

आता गुणगुण. तिचा उगम शोधायला दोन मिनिटं पुरतात. जागेवरच हळूहळू गोल फिरा. आवाज कमी-जास्त झाला तर तो पिकअप (तारांची थरथर टिपणारा चुंबकी भाग) हवेतून ओढतोय, बहुतेक वेळा लाइटच्या डिमरमधून किंवा एलईडी भिंतीच्या ट्रान्सफॉर्मरमधून. दोन सिंगल कॉइल पिकअपचा, जॅझ पद्धतीचा बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवा. अशा बेसच्या दोन कॉइल सहसा एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे गुणगुण बरीच कापली जाते. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर बेसमधली अर्थिंगची वायर शाबूत आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजखालची वायर किंवा जॅकचा टाका सुटलाय का ते बघा. आणि फिरून काहीच फरक पडत नसेल, पण मिक्सरकडे जाणारी केबल काढताच शांतता होत असेल, तर तो अर्थिंगचा फेरा आहे, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलंय. डीआय बॉक्सवर (बेस मिक्सरला जोडणाऱ्या डबीवर) ‘लिफ्ट’चं बटण असतं ते दाबा. हे बटण फक्त सिग्नलच्या केबलमधलं शील्ड तोडतं, विजेचं अर्थिंग नाही. म्हणून ते दाबणं सुरक्षित आहे आणि पिन काढणं नाही.

गायिका ऐनवेळी म्हणते, “काळी चारमध्ये घ्या.” कीबोर्डवाला बटण दाबून मोकळा, मी मात्र फ्रेट शोधत राहतो. (एक वाचक, सातारा)

पेटीची भाषा आणि बेसचा नेक यांची गाठ एकदाच घालून टाका. जाड ई तार मोकळी म्हणजे पांढरी तीन. पहिला फ्रेट पांढरी चार, दुसरा काळी तीन, तिसरा पांढरी पाच, चौथा काळी चार, पाचवा पांढरी सहा, सहावा काळी पाच, सातवा पांढरी सात, आठवा पांढरी एक, नववा काळी एक, दहावा पांढरी दोन, अकरावा काळी दोन. ए तारेवर तिसरा फ्रेट पांढरी एक, चौथा काळी एक, पाचवा पांढरी दोन. हे बेस हातात नसताना, लोकलमध्ये किंवा एसटीत, तोंडाने म्हणत राहा. दोन आठवड्यांत बसतं.

दुसरं, गाणी बसवतानाच मोकळ्या तारा टाळा. बोटांची ठेवण मोकळ्या तारेविना असली की काळी चार म्हणजे पांढरी पाचपेक्षा एक फ्रेट वर, इतकंच उरतं. खाली जाताना अडचण येते. पांढरी तीनमधलं गाणं काळी दोनवर उतरलं की चार तारांच्या बेसवर पांढरी तीनच्या खाली सूरच नाही. तेव्हा ए तारेचा सहावा फ्रेट धरा आणि सगळं एक सप्तक वर वाजवा. गाणं थोडं हलकं वाटेल, पण चुकणार नाही.

आणि तुमच्या पत्रात लपलेलं खरं दुखणं म्हणजे ते बटण. कीबोर्डवाला ट्रान्सपोज (पट्टी बदलणारं बटण) एकने वर करून सी मायनरच्याच जागी बोटं ठेवतो आणि तुम्हाला ओरडून सांगतो “सी मायनर”. ऐकू येतो मात्र सी शार्प मायनर. म्हणून त्याला कॉर्ड विचारण्याआधी “ट्रान्सपोज किती?” हे विचारा, आणि गाणं संपल्यावर तो शून्यावर आणायची सवय त्याला लावा. आणखी एक खुबी: गायिका सांगते तो तिचा सा. मध्यमाला सा मानून बांधलेल्या गाण्यात मुख्य कॉर्ड त्या सा वर नसतो, मध्यमावर असतो. एक सूर वाजवून तिच्याकडे बघा आणि मान हलल्यावरच सुरू करा.

पेटी साथीला असेल तर बेस पेटीला लावा, ट्यूनरला नाही. पेटी बदलता येत नाही. तिचा ए वाजवून ट्यूनरचं ४४० हे माप तेवढं वर-खाली करून घ्या.

ढोलकीसोबत माझा बेस सगळं गढूळ करतो, असं साउंडवाले सांगतात. (एक वाचक, नारायणगाव)

ते बरोबर सांगतात. ढोलकीची डावी बाजू आणि तुमची जाड तार एकाच खालच्या पट्ट्यात बोलतात. त्यात ढोलकीचा घुमारा सरकत जातो, तुमचा सूर मात्र तिथेच बसून राहतो. उपाय आवाज कमी करण्याचा नाही, सूर आखूड करण्याचा आहे. ब्रिजजवळ तारांखाली सेंटिमीटरभर जाडीचा फोमचा तुकडा सरकवा, म्हणजे सूर ‘डुम्’ होऊन लगेच मिटतो. केरव्याच्या ‘धा गे ना ति न क धि न’मध्ये पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या मात्रेवर वाजवा. सातव्या मात्रेचा ‘धि’ ढोलकीवाल्याचा आहे, तिथे हात उचला. सहा मात्रांच्या कोळीगीताला पहिली आणि चौथी मात्रा पुरते. गोव्यातल्या लग्नात दुलपद (तिथलं नाचाचं गाणं) वाजवतानाही हाच हिशोब चालतो. आणि लावणीत ढोलकीवाला तोडे घेऊ लागला की पूर्ण थांबा. तो समेवर येतो तेव्हा त्याच्याबरोबर पडलेला एकच सूर लोकांना छातीत जाणवतो. त्यासाठी आधीची शांतता लागते.

स्टेजवर ॲम्प देत नाहीत, थेट मिक्सरला लावतात. मला माझंच ऐकू येत नाही. (एक वाचक, कल्याण)

मॉनिटरवर (स्टेजवर वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरवर) “बेस वाढवा” असं सांगू नका. ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, तो लहान मॉनिटर देऊच शकत नाही. वाढवला की फक्त पोकळ लाकडी स्टेज घुमतं. त्याऐवजी तुमच्या मॉनिटरमध्ये २५० ते ८०० हर्ट्झ वाढवायला सांगा. वरचे उपसूर ऐकू आले की कान खालचा सूर आपोआप पकडतो. बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर उत्सवाच्या सुरुवातीला नवी घाला आणि मध्यंतरात केबल जॅकमधून काढा. प्लग आत असेपर्यंत ती खर्च होत राहते. आवाज जोरात वाजवतानाच फाटू लागला तर ॲम्पला दोष देण्याआधी बॅटरी बदला. झांजेशेजारी उभे राहत असाल तर वादकांसाठीचे इअरप्लग घ्या. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं मानतात, कार्यक्रम तीन तासांचा असतो.

चार तारांचा घेऊ की पाच? (एक वाचक, नांदेड)

पहिला असेल तर चार. ऑर्केस्ट्राची जवळपास सगळी गाणी त्यावर होतात, आणि वाजत नसलेली पाचवी तार दाबून ठेवणं हे स्वतंत्र शिक्षण आहे.

सुपारी घेताना काय ठरवावं? नाइट ठरते, पण नंतर वाद होतात. (एक वाचक, पुणे)

नाइटच्या (एका कार्यक्रमाच्या मानधनाच्या) आकड्याआधी हे विचारा: ॲम्प किंवा डीआय कोण देणार, साउंडचेक किती वाजता, तालमी किती आणि त्यांचे पैसे वेगळे का, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर आगाऊ रक्कम कोणाकडे राहणार. उत्तरं फोनवर न ठेवता व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ध्वनिक्षेपक एरवी रात्री दहाला बंद होतो, उत्सवातल्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत असते. तुमचा दिवस त्यात आहे का हे विचारलं की घरी किती वाजता पोहोचणार आणि शेवटची लोकल मिळणार का, हेही कळतं. आजारपणात बदली वादक तुम्ही द्यायचा की आयोजकाने, हेही ठरवा. तुम्ही द्यायचा असेल तर गाण्यांची यादी पट्टीसकट, ‘पांढरी पाच, मध्ये काळी चार’ अशी, फोनमध्ये तयार ठेवा. त्याला ती आदल्या रात्री पाठवता आली पाहिजे.