ग्रहण, सासूबाई आणि भिंतीवरचा कवडसा

प्रश्न : २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. माझी मुले सहा आणि दहा वर्षांची असून त्यांना ते दाखवावे, अशी माझी फार इच्छा आहे. सासूबाई मात्र वेध कडकपणे पाळतात. मुलांनी काही खाऊ नये, कोणी अंगणात जाऊ नये आणि गरोदर असलेल्या माझ्या धाकट्या जावेने विळीला हातही लावू नये, असे त्यांनी आताच बजावले आहे. घरात वाद न होता हे कसे साधावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : खाण्याचा प्रश्न सासूबाईंच्या पंचांगातूनच सुटेल. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात खरे, पण बालक, वृद्ध, आजारी आणि गरोदर स्त्रिया यांना त्यात सवलत दिलेली असते. ती ओळ त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगावी.

ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे थोरांचे म्हणणे तर अक्षरशः पाळावे. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नाही, त्यामुळे इजा होत असताना मुलाला काहीच जाणवत नाही. महाराष्ट्रातून हे ग्रहण खंडग्रासच दिसणार, म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जाणार नाही; त्यामुळे ग्रहण पाहण्याचा खास चष्मा काढण्याचा क्षण मुळीच येणार नाही. चष्मा आयएसओ १२३१२-२ या मानकाचा आणि ओरखडे नसलेला असावा. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, घमेल्यातले पाणी हे आमच्या लहानपणीचे उपाय सुरक्षित नव्हते. आम्ही निभावलो, एवढेच.

तरीही, अंगणात न जाता ग्रहण दाखवण्याची याहून चांगली सोय आहे. २४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण ऐन दिवाळीत आले होते. फराळाच्या डब्यांवर तुळशीची पाने ठेवून आजीने आम्हां मुलांना माजघरात बसवले होते आणि कौलांच्या फटींतून पडणारे कवडसे, जे एरवी गोल असतात, ते त्या सकाळी एकेक करून चंद्रकोरी होत गेले. ज्या खोलीत ग्रहण दिसू नये म्हणून कोंडले, तिथेच ते सगळ्या भिंतीभर दिसले. आजीही पाहत बसली होती. कवडसा म्हणजे फटीचा आकार नव्हे, तर सूर्याचे चित्र असते, हे मला शाळेत बऱ्याच उशिरा कळले.

आपल्याकडे कौले नसतील, तर लहान आरशावर काळा कागद चिकटवून त्याला सुमारे पाच मिलिमीटरचे भोक पाडावे. ग्रहण दुपारनंतरचे असल्याने आरसा पश्चिमेच्या खिडकीत ठेवून कवडसा आतल्या भिंतीवर पाडता येईल. भिंत पाच मीटरवर असेल, तर सूर्याचे चित्र साधारण साडेचार सेंटीमीटरचे उमटते. त्यात कोर दिसणार नाही. कडेचा घास तोडलेल्या भाकरीसारखे ते दिसेल. मुलांनी आरशात मात्र डोकावू नये.

वाट पाहताना राहूची गोष्ट सासूबाईंनीच सांगावी. मोहिनीने अमृत वाटले ते नेवाशाला, तिथे मोहिनीराजाचे मंदिर आहे, आणि राहुरीचे नाव राहूवरून पडले, अशी आपल्याकडची समजूत आहे. ग्रहणात गावातून ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी येत असे, तेही त्या सांगतील. मग, चंद्र सूर्याला झाकतो असे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले आहे, हे आपण सांगावे. एका गोष्टीसाठी दुसरी खोडून काढण्याचे कारण नाही. पंचांगातल्या स्पर्शाच्या (ग्रहण लागण्याच्या) आणि मोक्षाच्या (ते सुटण्याच्या) वेळा सासूबाईंनी वाचाव्यात आणि थोरल्याने घड्याळ घेऊन भिंतीवर पडताळाव्यात.

जावेच्या बाबतीत मात्र मी इतकी मऊ भूमिका घेणार नाही. विळी एक दिवस बाजूला राहिली, तर बिघडत नाही, उलट तेवढीच विश्रांती. पण गरोदर बाईने तासन्‌तास अन्नपाण्यावाचून राहणे बरे नाही. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरले, तर बाळाचा ओठ दुभंगतो, अशी समजूत विळीच्या बंदीमागे आहे; पण बाळाचा ओठ गर्भारपणाच्या पहिल्या दोनेक महिन्यांतच जुळून येतो. तो दुभंगलेला राहण्यामागे आनुवंशिकतेसारखी कारणे असतात, चिरलेली भाजी नव्हे. हे डॉक्टरांच्या तोंडून सासूबाईंच्या कानावर घातलेले अधिक बरे.

राहिला पाऊस. त्या दिवशी आषाढ अमावास्या आहे आणि चिपळूणचे आभाळ उघडेल याचा भरवसा कोणी देऊ नये. तसे झाले, तर इजिप्तमधील लक्झरहून होणारे थेट प्रक्षेपण मुलांना दाखवावे. तिथे खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकणार आहे.