वहीतलं गणित, दुकानातलं गणित

‘मॅडम, करोनात शाळा बंद असताना याचं गणित जे मागे पडलं ते पडलंच. तेव्हा घरी आम्ही नक्की काय करायला हवं होतं?’ त्या वेळची तिसरी-चौथीतली मुलं आता मिसरूड फुटायच्या वयात आली, तरी समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न येतच असतो. आणि नव्या पालकांचीही भर पडतेच. इथे नाशिकला दुतोंड्या मारुतीपाशी गोदावरीचं पाणी चढलं, रेड अलर्टमुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली, की ‘घरी गणित घ्यायला बसलो आणि रडारड झाली’ असे फोन सुरू होतात. सुट्टी एक-दोन दिवसांची असो की दीड वर्षाची, घरातला प्रसंग जवळजवळ सारखाच असतो. म्हणून त्यातलं एक घर इथे सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

२०२१ चा फेब्रुवारी. पाचवी ते आठवीचे वर्ग जानेवारीअखेरीस सुरू झाले होते, चौथीपर्यंतचे मात्र बंदच होते. आडगाव नाक्याकडून एक आई तिसरीतल्या मुलाला घेऊन आली. घरात त्याला दादू म्हणतात, धाकटी बहीण आहे म्हणून. वडील पिंपळगावकडे द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये. सीझन सुरू झालेला, त्यामुळे ते पहाटे बाहेर पडत आणि घरातला एकुलता एक मोठा फोन त्यांच्याबरोबर जाई. शाळेचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येई आणि तो रात्री उघडला जाई.

‘त्याला सगळं समजतं मॅडम, पण मुद्दाम चुकतो,’ आई म्हणाली. ‘संध्याकाळी वही काढली की लगेच पोट दुखायला लागतं. गेल्या आठवड्यात मी हात उचलला. मग रात्रभर मला झोप नाही.’

मी वही मागितली. चौकटीची वही होती. पानं बघून घरातली संध्याकाळ कशी जात असेल ते मला बऱ्यापैकी सांगता येतं. एवढ्या वर्षांत ती एक नजर आली आहे. वजाबाकीच्या पानावर प्रत्येक उत्तराची चौकट खोडून खोडून पातळ झाली होती, दोन ठिकाणी तर आरपार भोक. वरची उत्तरं मात्र सगळी बरोबर. अक्षर मुलाचं, पण आकडे दाबून, चिडून काढलेले. या पानांचा फोटो शाळेच्या ग्रुपवर गेला होता आणि खाली बाईंचा अंगठा होता.

म्हणजे चूक कुठे होतेय हे ज्यांना बघून ओळखता आलं असतं, त्यांच्यापर्यंत ती पोहोचतच नव्हती. आईचं खोडरबर मध्ये उभं होतं. शाळा बंद असण्याचा सगळ्यात मोठा तोटा मला तरी हाच वाटतो. धडे तर टीव्हीवर, यूट्यूबवर, दीक्षा अ‍ॅपवर भरपूर होते. मूल चुकताना त्याच्याकडे शांतपणे बघणारं माणूस तेवढं नाहीसं झालं.

‘ताई, तुम्हाला गणित कसं जायचं?’ मी विचारलं.

ती हसली. ‘आमच्या घराण्यातच नाही ते. दहावीला कशीबशी सुटले. फळ्यापाशी उभं केलं की अंगाला घाम फुटायचा.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘याचं तसं होऊ द्यायचं नाहीये मला. वर्ष वाया गेलं तर लोक म्हणतील, घरीच होती ना आई, मग काय करत होती?’

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करते. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दल आपण मनात काय धरून बसतो, त्याने माणूस जास्त हैराण होतो, असं ते सांगत. इथे प्रसंग होता एक चुकलेली वजाबाकी. आईच्या मनात मात्र ती वजाबाकी म्हणजे ‘मी आई म्हणून नापास’. एवढं मोठं ओझं घेऊन कुणी शेजारी बसलं, तर आठ वर्षांच्या पोराचं पोट दुखणारच. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांबाबत हेच मांडलं होतं: ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे घरी वारंवार गृहपाठाला मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची धास्ती वाढली. तशाच पालकांनी फारशी मदत केली नाही, तिथे हा परिणाम दिसला नाही. हे मी आईला पहिल्या भेटीत सांगितलं नाही. अपराधीपणात भर घालून काय साधणार? पहिल्या भेटीत मी सहसा सल्ला देतच नाही. त्यावरून काही पालक नाराज होतात, होऊ देत.

पुढच्या भेटीत दादूला म्हटलं, ‘मला शिकव बरं. ५२ वजा २७.’ आणि आईला विनंती केली, की काहीही झालं तरी बोलायचं नाही.

त्याने एकाखाली एक आकडे मांडले आणि उत्तर लिहिलं ३५. लगेच आईकडे बघितलं. आईने मास्कवर हात ठेवला.

‘कसं केलंस?’

‘दोनातून सात जात नाहीत. लहानातून मोठा जात नाही. म्हणून सातातून दोन काढले, पाच. मग पाचातून दोन, तीन.’

‘असं कुणी शिकवलं?’

‘आईने. नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचा.’

आईचा हात खाली आला. ‘अहो, मीच सांगितलं होतं हे,’ ती अगदी हळू म्हणाली. पूर्ण संख्येबद्दल सांगितलं होतं तिने, त्याने ते एकक-दशकाच्या प्रत्येक घराला लावलं. म्हणजे पोरगं मुद्दाम चुकत नव्हतं की लक्षही उडत नव्हतं. आईचा शब्द ते तंतोतंत पाळत होतं आणि त्याबद्दल रोज बोलणी खात होतं.

मी तिथेच थांबले नाही. म्हटलं, ‘बरं, तुझ्याकडे ५२ रुपये आहेत. किराणा दुकानात २७ रुपये दिले. उरले किती?’

त्याने वर छताकडे बघितलं. ‘सत्तावीसला तीन घातले की तीस. तीसला वीस, पन्नास. वर दोन. पंचवीस.’

‘मग इथे तर ३५ लिहिलंयस.’

‘ते वहीतलं आहे,’ दादू म्हणाला. इतक्या सहज, की जणू वहीतले रुपये वेगळे आणि दुकानातले वेगळे हे सगळ्यांना ठाऊकच असतं.

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद या वाक्याचा झाला, आणि अजूनही कार्यशाळांमध्ये मी ते सांगते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर मांडून दिली तेव्हा ३७ टक्के. आडगाव नाक्यावरच्या पोराला गणित येत नव्हतं असं मुळी नव्हतंच. त्याच्या डोक्यात दोन गणितं होती आणि त्यांची एकमेकांशी ओळख करून देणारं कुणी नव्हतं. घरी मदत करायची म्हणजे काय, याचं माझं उत्तर तिथून तयार झालं: धडा शाळेने शिकवावा, घराने ही ओळख करून द्यावी.

ती कशी झाली, तेही सांगते. वडिलांना म्हटलं, पॅकहाउसमधून बाद झालेले रिकामे पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे प्लास्टिकचे डबे, आणि खोकी आणा. निर्यातीच्या द्राक्षांचे अर्ध्या किलोचे दहा पनेट एका खोक्यात बसतात, पाच किलोची पेटी होते. नाशिककरांच्या घरात दशक-एकक याहून सोपं कुठे मिळणार? घरात पाच पेट्या आणि दोन सुटे पनेट मांडले. बापाने ऑर्डर दिली, ‘सत्तावीस पाठव.’ दादूने दोन पेट्या सरकवल्या. आता सात सुटे हवेत आणि आहेत दोनच. तो एकदाही ‘जात नाही’ म्हणाला नाही. म्हणाला, ‘एक पेटी फोडावी लागेल.’ फोडली. सुटे झाले बारा. त्यातले सात दिले, पाच राहिले. खाली पेट्या उरल्या दोन.

मग तेच कागदावर: आधी पेट्यांचं चित्र, नंतर नुसते चौकोन आणि ठिपके, नंतर आकडे. हातातून चित्रात आणि चित्रातून आकड्यात, हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचा. घाई झालेले पालक मधलं चित्र गाळतात आणि तिथेच गाडी अडते.

त्या रात्री आईचा फोन आला. ‘मॅडम, पाचच्या डोक्यावर चार आणि दोनच्या डोक्यावर बारा का लिहायचे, हे मला आज कळलं. मी आजवर फक्त लिहीत आले.’ आवाजात रडू होतं की हसू, सांगता येणार नाही. पण त्यानंतर ‘आमच्या घराण्यात गणित नाही’ हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. दादूचं पोट दुखणं कमी झालं ते पनेटमुळे की आईमुळे, असं मला विचारतात. मला विचाराल तर आईमुळे. तिला कळलं, म्हणून तिची भीती गेली. भीती गेली, म्हणून तिला गप्प बसता आलं. आणि ती गप्प बसली, तेव्हा मुलाला बोलायला जागा मिळाली.

आता ज्यांच्या घरी असंच चाललंय त्यांच्यासाठी. उत्तर चुकलं की ‘चूक’ म्हणण्याआधी ‘कसं केलंस, सांग ना’ एवढंच विचारा, आणि बरोबर आलं तरीही विचारा. नाहीतर हा प्रश्न म्हणजे चुकल्याची खूण, हे मुलं दोन दिवसांत ओळखतात. खोडरबर बाजूला ठेवा. चुकलेल्यावर एक आडवी रेघ पुरे, आणि ते पान तसंच बाईंना पाठवा. वीस मिनिटं झाली की उठा, गणित अर्धवट राहिलं तरी. तुमचा स्वतःचा पारा चढत असेल तर वही आजोबांकडे किंवा शेजारच्या मोठ्या ताईकडे द्या. त्यात कमीपणा नाही. तुम्ही बाजार घ्या. भाजीवाल्याला पैसे मुलाने द्यावेत, परत आलेले त्याने मोजावेत. पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो हे तराजूवर बघितलेल्या मुलाला चौथीत अपूर्णांक परके वाटत नाहीत. पावसाळ्यात घरात अडकलात तर पत्ते काढा. एवढ्यावर ‘अभ्यास कधी?’ असं विचारणारे वडील हटकून भेटतात. त्यांना मी सांगते, हाच.

आकड्यांच्या नावांवरून मात्र घरात भांडू नका. दादू दुसरीत होता त्याच वर्षी, २०१९ मध्ये, बालभारतीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि लिहिताना पाच आधी येतात, शिवाय जोडाक्षरं. मुलांना ते जड जातं, अशी गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांची भूमिका होती. मला ती पटते. दादू शाळेत ‘पन्नास दोन’ शिकला आणि घरी आई म्हणायची, ‘बावन्न म्हण, हे काय बोबडं!’ दोन्ही म्हणू द्या. ‘पन्नास दोन’ म्हणणाऱ्याला पाच पेट्या आणि दोन सुटे लगेच दिसतात.

आणि ‘मागे पडला’ हे जरा तपासून बघा. कुणाच्या मागे? ग्रामीण भारतात तिसरीतल्या किती मुलांना वजाबाकी येते, हे घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणारी ‘असर’ची पाहणी सांगते: २०१८ मध्ये २८.२ टक्के, २०२२ मध्ये २५.९. घसरण झाली, खरंच. पण शाळा सुरळीत चालू होत्या तेव्हाही चारातल्या जेमतेम एकाला येत होती. पन्नासच्या घरातली वजाबाकी तिसरीत अडखळणं म्हणजे आकाश कोसळणं नाही. दादू चौथीत गेला तेव्हा जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, होता. त्यातल्या चाचणीत त्याची भागाकाराची गणितं चुकली, वजाबाकीची सुटली. बाईंकडे दोन्ही पानं न खोडता गेली.

पनेट, पत्ते, बाजार यांनी सगळ्यांचंच काम भागेल असं मात्र नाही. बरेच महिने निवांतपणे करूनही मुलाला सात मोठा की नऊ हे बोटं मोजल्याशिवाय सांगता येत नसेल, दुकानातही हिशेब लागत नसेल, घड्याळ आणि पैसे दोन्हीकडे गोंधळ होत असेल, तर तो आळस नाही आणि तुमच्या शिकवण्याचा दोषही नाही. गणितापुरती अध्ययन अक्षमता असू शकते. तिला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात आणि तिची रीतसर तपासणी होते. तपासणीला जाताना मुलाच्या न खोडलेल्या वह्या बरोबर न्या.