चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईची खालची कवळी सारखी हलते, कमी खर्चात इम्प्लांटचा काही उपाय आहे का?

हो, आहे, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षीही नक्की विचार करा. वरची कवळी टाळूला धरून राहते. खाली तसा आधार नसतो, शिवाय जीभ तिला सतत उचलते, आणि दात गेल्यावर हिरडीखालचं हाड दरवर्षी झिजतं. म्हणून भाकरी, शेंगदाणे आधी सुटतात.

सगळे दात इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवर, बसवायची गरज नाही. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला, सुळ्यांच्या जागी फक्त २ इम्प्लांट बसवायचे आणि कवळी त्यांवर बटणासारखी अडकवायची. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानला. पुढच्या भागातलं हाड सहसा टिकून असतं, त्यामुळे हाड भरण्याचा खर्च बहुधा वाचतो. आत्ताची कवळी चांगली असेल तर तीच वापरता येते का, हे आवर्जून विचारा. मोठी बचत तिथेच होते. तेही परवडत नसेल तर मधोमध एकच इम्प्लांट हाही अभ्यासलेला मार्ग आहे.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आधी चौकशी करा.

मधुमेह आटोक्यात हवा, तंबाखू-मिश्री बंद. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, हे फार महत्त्वाचं आहे. कवळीच्या आत इम्प्लांटला पकडणाऱ्या नायलॉनच्या कड्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतात. तो खर्चही आधीच विचारून ठेवा.